आई सध्या घरात नाही

आयुष्यात माझं मत मला फक्त दोनदा विचारण्यात आलं. पहिल्यांदा सासऱ्यांनी विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?" तेव्हा लग्नाची निमंत्रणं छापून वाटूनही झाली होती. दुसऱ्यांदा विचारलं ते थेट राज्य सरकारनं. त्यामुळे त्या दिवशी मी जरा हुरळून गेलो असेन, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सुट्टीचा दिवस होता. दारात एक मुलगी उभी. खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. म्हणाली, "राज्याच्या विश्वास सर्वेक्षणासाठी तुमच्या घराची निवड झालीय. सरकारवर, सरकारी कार्यालयांवर तुमचा किती विश्वास आहे, ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. या विभागातून एकच घर निवडलंय."

एकच घर! माझी छाती आपोआप पुढे आली. मी विचारलं, "निवड कुणी केली?"

"संगणकानं."

"म्हणजे बघूनच केली असणार."

"नाही हो, डोळे मिटून करतो तो," ती म्हणाली. मी तिकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या गौरवाच्या प्रसंगी माणसानं बारीकसारीक गोष्टीत शिरू नये.

पहिला प्रश्न उघडायच्या आतच तिच्या टॅबचं चार्जिंग संपलं. आमच्याकडे वीज नव्हती, तेव्हा तेही सरकारच्या खात्यात जमा झालं. "आज उघडलंच नाही, तर ही फेरी धरत नाहीत. परत येईन. तोवर कुणाला सांगू नका, गोपनीय असतं," असं बजावून ती गेली.

आता मी कोण, हे सांगायला हवं. मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर बाटली उजेडासमोर धरायची, तडा दिसला की बाजूला काढायची. निकाल देणं हाच माझा धंदा. घरी मात्र भाजीत मीठ कमी आहे हा निकालसुद्धा मी मनातच राखून ठेवतो. असा माणूस सरकारनं हेरावा, याला मी योगायोग मानायला तयार नव्हतो.

गोपनीयता मी कसोशीनं पाळली. फक्त बायकोला सांगितलं. बायकोनं फक्त समोरच्या टेलरवहिनींना सांगितलं. टेलरवहिनींनी माप घेताना कुणाला सांगितलं नाही, कारण तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या असतात. पण शिवताना तोंड मोकळंच असतं. संध्याकाळी 'गुप्तहेर' दारात हजर. हा आमच्या गल्लीतला एक निवृत्त विमा एजंट. कुणाच्या घरात काय शिजलं ते त्याला फोडणीच्या आधी कळतं.

"किती देताय?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"कशाचे?"

"विश्वासाचे हो!"

पाठोपाठ सचिवकाका आले. ते आमच्या गल्लीचे सचिव आहेत. त्यांना कुणी नेमलेलं नाही, म्हणून कुणी काढूही शकत नाही. त्यांच्यामागून आणखी दहा-बारा जण आले, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत, माझ्याच खुर्चीत सचिवकाका बसून, माझ्याच विश्वासावर सभा भरली. मी दाराला टेकून उभा होतो.

"शून्य द्या!" सचिवकाका गरजले. "स्लॅबचा सूड घ्या!"

या स्लॅबपाशीच सगळं येऊन ठेपतं. आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं मध्ये नाला आहे. नाल्यावर स्लॅब होता. सरकारी कागदात त्याला 'पूल' म्हणतात. एकदा एका ट्रकनं त्याचा निम्मा भाग नाल्यात नेला आणि उरलेला निम्मा हळूहळू त्याच्या भेटीला गेला. तेव्हापासून आम्ही तिथं एक फळी टाकली आहे. गल्लीतली माणसं त्या फळीवरून सायकल, गॅसचं सिलिंडर आणि एकदा तर कपाटसुद्धा घेऊन गेली आहेत. पण आईला ते जमत नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. म्हणून आई रोज काठी घेऊन घरापासून फळीपर्यंत चालते, तिथं उभी राहून मोठ्या रस्त्याकडे बघते आणि परत येते. रस्त्याच्या पलीकडे मावशी राहते. कपात ओतलेला चहा निवायच्या आत पोहोचाल इतक्या जवळ. पण दोघी बहिणी भेटतात ते फोनवर, आणि इतक्या मोठ्यानं बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं. आई फळीपाशी उभी असते ना, ते मला बघवत नाही.

आम्ही काही स्वस्थ बसलो नव्हतो. सचिवकाकांनी अर्जांवर अर्ज केले. प्रत्येकाला उत्तर आलं, 'आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आला आहे.' हा योग्य विभाग कुठला, हे अजून कुठल्याच विभागाला कळलेलं नाही.

"शून्य देऊन काय होणार?" टेलरवहिनी म्हणाल्या. "उलट चिडतील. पाणी बंद करतील. गोडीगुलाबीनं दहा द्या."

"दहा दिले तर म्हणतील सगळं छान चाललंय. मग स्लॅब कशाला घालतील?" गुप्तहेर म्हणाला.

"मग साडेपाच?" बायकोनं सुचवलं. तिला कुठल्याही भांडणात मधला भाव पसंत असतो.

सभा संपली तेव्हा आमची बिस्किटं संपली होती आणि माझा आकडा ठरला नव्हता. टेलरवहिनींनी भरवलेली भीती मात्र मनात घर करून बसली. मध्यमवर्गीय माणसाचं कसं असतं, त्याला भांडायचंही असतं आणि भांडण्याआधी समोरच्याची हरकत नाही ना, तेही विचारून घ्यायचं असतं. मी ठरवलं, मत देण्याआधी सरकारी कार्यालयात जाऊन चौकशी केलेली बरी. कारखान्यातून अर्धी रजा काढली आणि गेलो.

पहिल्या खिडकीवरच्या कारकुनाला मी अदबीनं विचारलं, "अविश्वास दाखवायचा असेल तर काही परवानगी वगैरे लागते का?"

त्यानं मान वर केली नाही. "कशावर?"

"राज्य शासनावर."

"वरचा मजला."

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "नवीन की जुनाच चालू ठेवायचाय?"

मी प्रामाणिकपणे म्हटलं, "तसा जुना आहे, पण नोंद पहिल्यांदाच होतेय."

"मग नवीन. ओळखपत्राची झेरॉक्स लावा. झेरॉक्सवाला खाली."

झेरॉक्सवाला जेवायला गेला होता. तो येऊन, झेरॉक्स काढून मी पुन्हा वर गेलो तर बाई जेवायला गेल्या होत्या. शेवटी मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जरा आवाज चढवून म्हणालो, "अहो, विश्वास सर्वेक्षणात आमचं घर निवडलं गेलंय, म्हणून विचारतोय!"

अख्ख्या खोलीत एकदम चिडीचूप. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला. आतल्या केबिनचं दार उघडलं आणि तोंडातला घास गिळत गिळत उपअभियंता साहेब बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं माझ्याकडे माझ्या लग्नातसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं.

"आपणच का ते घर?" त्यांनी विचारलं.

मला आत नेऊन टॉवेल घातलेल्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीत बसणाऱ्याला चहा विचारत नाहीत, थेट येतो. साहेबांनी दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. वरून नवा आदेश आला होता. ज्या विभागाचा आकडा पाचाच्या खाली येईल, त्या विभागाच्या साहेबानं वर जाऊन सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. जनतेला जबाबदार राहण्याची ही नवी पद्धत.

"नोकरीत इतकी वर्षं काढली," साहेब घाम पुसत म्हणाले, "कुणाला कधी उत्तर दिलं नाही. आता या वयात कशी सवय लागायची? तुम्हीच सांगा!"

मला त्यांची खरोखर दया आली. पण तोंडून निघून गेलं, "आमच्या नाल्यावर स्लॅब नाही हो."

"नाही?" साहेब इतके दचकले, की जणू तो मीच काल रात्री उचलून नेला होता. "उद्या सकाळी माणसं येतील."

आणि आली! दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम, मजूर, सिमेंट कालवायचं मशीन, सगळा लवाजमा गल्लीच्या तोंडाशी. बायका-पोरं, म्हातारेकोतारे, सगळे बघायला जमले. गुप्तहेरानं "मी सांगत होतो" असं जाहीर केलं. तो काय सांगत होता हे कुणालाच आठवेना, पण आनंदाच्या भरात चालून गेलं. आई दारात काठी घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता, की मला वाटलं, एवढ्यासाठी दहा काय, वीस देऊ!

कामाची सुरुवात त्यांनी आमची फळी काढून टाकण्यापासून केली. मग जुन्या स्लॅबचे राहिलेले तुकडेही उखडले. आता गल्लीचं बेट झालं. मुकादमानं एक शिडी नाल्यात सोडली आणि दुसरी पलीकडून वर चढवली. कारखान्यात जाताना मी बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत आणि डबा दातांत धरून जायला लागलो. पण तक्रार कोण करणार? 'तुमच्यामुळे होतंय हो हे सगळं' असं टेलरवहिनी नाल्यातून वर येता येता म्हणायच्या. ते कौतुक होतं की शिवी, हे त्यांच्या स्वरावरून कळायचं नाही.

साहेब रोज यायचे. "मग, आकडा ठरला का?" असं लाडीगोडीनं विचारायचे. इकडे सचिवकाकांनी मला सक्त ताकीद दिली होती, "स्लॅब वाळेपर्यंत विश्वास ठेवायचा नाही. एकदा आकडा हातात पडला की मशीन चाललं परत!" साहेबांना आधी आकडा हवा होता, गल्लीला आधी स्लॅब. दोघांच्या मध्ये मी. पण खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. कारखान्यात मला 'ए बाटली' म्हणतात. इथं एक साहेब मला साहेब म्हणत होता.

एका संध्याकाळी कामाला असा वेग आला की विचारू नका. टेम्पोतून सळयांची बांधून तयार जाळी आली. आली ती थेट नाल्यावर बसली. मी थक्क झालो. सरकार मनावर घेतं तेव्हा काय करू शकतं, यावर मी बायकोला छोटंसं भाषण दिलं.

सर्वेक्षणवालीनं फोनवर कळवलेली तारीख दोन दिवसांवर आली होती. सरकारला मत द्यायचं म्हणजे केस कापलेले हवेत. मी आमच्या नेहमीच्या न्हाव्याकडे गेलो. त्याचं दुकान मोठ्या रस्त्यावर, घर मात्र आमच्या शेजारच्या गल्लीत. एरवी हा माणूस कात्रीपेक्षा जास्त जीभ चालवतो. त्या दिवशी गप्प. उजवी बाजू कापून झाली तेव्हा म्हणाला, "तुमच्याकडे जाळी आली म्हणे."

"एका संध्याकाळीत!" मी उत्साहानं म्हणालो. "आहात कुठं! काय वेग आहे!"

"आमच्या गल्लीतून नेलीय ती."

मी आरशात त्याच्याकडे पाहिलं. तो सांगू लागला, "आमचाही स्लॅब पडला होता. आम्हीही खेटे घालून घालून काम सुरू करून घेतलं. फोडलं, जाळी बांधली, सकाळी काँक्रीट ओतायचं होतं. संध्याकाळी टेम्पो आला आणि जाळी उचलून घेऊन गेला. मुकादमाला विचारलं तर म्हणतो, तिकडे विश्वास वाढवायचाय, अर्जंट आहे. तुमचं घर निवडीत नाही, तुमचा विश्वास सावकाश वाढवू." तो थांबला. "माझी बायको दिवसांवर आलीय. दारापर्यंत गाडी येत नाही. रात्रीबेरात्री कळा सुरू झाल्या तर तिला शिडीवरून उतरवू का?"

त्यानं माझ्या गळ्याभोवतीचं कापड काढून झटकलं आणि म्हणाला, "झालं."

"अहो, झालं काय? डावी बाजू राहिलीय!"

"डावी बाजू योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आली आहे," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. "आमचं काम अर्धवट, तर तुमचं डोकं तरी पूर्ण कशाला?"

भर रस्त्यातून मी तसाच घरी आलो. उजवीकडून बघणाऱ्याला मी साहेब दिसत होतो आणि डावीकडून बघणाऱ्याला फरार. दुसरा न्हावी पकडावा म्हटलं तर त्या रस्त्यावरच्या चारही दुकानांत बातमी माझ्या आधी पोहोचली होती. न्हाव्यांची एकी असते. ती आपल्यात असती तर स्लॅब केव्हाच झाला असता. बायकोनं दार उघडलं आणि हसत हसत जमिनीवर बसली. आई मात्र हसली नाही. "काय झालं रे?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मग आता?" आई म्हणाली.

"आता मी काय करणार? माझ्या हातात आकडा आहे, जाळी थोडीच आहे? आणि आता बसलीय ती आपल्या नाल्यावर. होऊ दे ना आपलं आधी. तुला मावशीकडे जाता येईल."

आई काठी घेऊन आत गेली. मला स्वतःचाच राग आला, कारण मी आईचं नाव पुढे केलं होतं आणि ते तिला कळलं होतं.

सर्वेक्षणाचा दिवस उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट घातला, डोक्यावर लोकरीची टोपी चढवली. उकाडा असा होता की टोपीतून वाफा निघत असतील. साहेब 'सहज इकडून जात होतो' म्हणून सकाळपासूनच येऊन बसले होते. दाराआड सचिवकाका, खिडकीशी गुप्तहेर, उंबऱ्यात कुणाचं तरी माप अर्धवट टाकून आलेल्या टेलरवहिनी. सर्वेक्षणवाली शिडी उतरून, शिडी चढून आली. तिचा गुडघा खरचटला होता. आईनं तिला आधी हळद लावली, मग पाणी दिलं.

टॅब उघडला. मी घसा साफ केला. मी बोलायला तोंड उघडतोय तोच ती म्हणाली, "घरात मोठी माणसं किती? प्रत्येकाचा वाढदिवस सांगा."

"वाढदिवस? विश्वासाचा आणि वाढदिवसाचा काय संबंध?"

"ज्याचा वाढदिवस आजपासून सगळ्यात आधी येतो, त्यालाच प्रश्न विचारायचे असतात. घरातला कर्ता पुरुषच दर वेळी बोलतो ना, म्हणून हा नियम केलाय."

माझा वाढदिवस नुकताच होऊन गेला होता. बायकोचा लांब. आईचा पुढच्याच आठवड्यात. खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. मी कळवळून म्हणालो, "अहो बाई, माझी सगळी तयारी झालीय! या आकड्यासाठी मी डोकं अर्धं करून घेतलंय! माझा वाढदिवस अलीकडे आणता नाही का येणार?"

"नाही हो काका. टॅब घेत नाही."

आणि मग मी ते दृश्य पाहिलं जे कुठल्याही स्वाभिमानी माणसाला पाहावं लागू नये. इतके दिवस माझ्याभोवती फिरणारी ती सगळी माणसं, एका क्षणात माझ्याकडे पाठ करून आईकडे वळली. साहेबांनी स्वतः उठून आईच्या पाठीशी उशी ठेवली. सचिवकाका दाराआडून बाहेर आले. मला तर कुणी 'बस' सुद्धा म्हणेना. माझ्या टोपीखालून घामाचा ओघळ आला तो पुसायलाही कुणी रुमाल दिला नाही.

"आई," साहेब मधाळ आवाजात म्हणाले, "परवा काँक्रीट. मग तुम्ही मावशींकडे. आता फक्त एक आकडा सांगायचा. मोठ्या मनानं."

आईनं त्यांना विचारलं, "त्या जाळीचं काय झालं हो? शेजारच्या गल्लीतल्या?"

"ती... ॲडजस्ट केली."

"आणि त्यांचं काम?"

"होईल की. टप्प्याटप्प्यानं."

आईनं मान डोलावली. मग सर्वेक्षणवालीकडे वळून म्हणाली, "बाळ, माणूस घरी नसलं तर तुम्ही काय करता?"

"परत येतो आजी. तीन फेऱ्यांची मुभा असते."

"आणि तोवर आमचा आकडा?"

"रिकामा राहतो."

"मग लिही," आई खुर्चीत नीट टेकून बसली. "आजी घरात नाहीत."

"अगं आई!" मी ओरडलो. साहेब उभेच राहिले. सर्वेक्षणवाली गोंधळून म्हणाली, "पण आजी, तुम्ही तर समोर..."

"मी शेजारच्या गल्लीत गेलेय. न्हाव्याच्या बायकोला बघायला. तिथला स्लॅब उखडून ठेवलाय. आता तो झाल्याशिवाय मी घरी कशी येणार? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं."

खोलीत पिन पडली असती तरी ऐकू आली असती. पण पिना टेलरवहिनींच्या तोंडात होत्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. सर्वेक्षणवालीनं आईकडे पाहिलं, आपल्या हळद लावलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. टॅबवर कारणांची यादी होती: परगावी, आजारी, इतर. तिनं 'इतर' निवडलं आणि मोठ्यानं म्हणत टाइप केलं, "उत्तर देणाऱ्या आजी शेजारच्या गल्लीत अडकल्या आहेत. स्लॅब नाही."

"अहो, हे वर जाईल!" साहेब किंचाळले.

"गेलं," ती म्हणाली.

मी त्या क्षणी टोपी काढली आणि हवेत उडवली. माझ्या अर्ध्या डोक्याचं काही वाटेनासं झालं. अशी आई असल्यावर माणसाला पुऱ्या केसांची गरजच काय!

त्यानंतर जे झालं ते बघायला सगळा विभाग लोटला. कुठून आल्या कोण जाणे, पण नव्या सळया आल्या. दोन मशिनं आली. एक आमच्या गल्लीत, एक न्हाव्याच्या. सचिवकाकांनी दोन्हीकडे जातीनं उभं राहून अडथळा आणला. साहेब भर उन्हात इकडून तिकडे धावत होते. आमचा स्लॅब झाला, दोन-चार दिवसांच्या फरकानं त्यांचाही झाला. तो चालण्याजोगा वाळला आणि त्याच आठवड्यात न्हाव्याच्या बायकोला घेऊन गाडी त्यावरून दवाखान्यात गेली. मुलगी झाली. न्हावी कात्री-कंगवा घेऊन आमच्या घरी आला, एक शब्द न बोलता माझी डावी बाजू कापली, आणि आईच्या पाया पडून गेला. माझ्या डोक्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत आणि मीही आग्रह केला नाही.

पण सांगायचं ते आईचं. आमचा स्लॅब वाळला त्या संध्याकाळी ती काठी टेकत निघाली. अख्खी गल्ली दारात. स्लॅबपाशी थांबली, काठीनं दोनदा ठोकून पाहिलं आणि सरळ पलीकडे गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मावशीकडून परतली ती अंधार पडल्यावर. दोघी भांडल्या होत्या म्हणे, आणि आई कित्येक महिन्यांत इतकी खूश दिसली नव्हती. माझे डोळे भरून आले. भरोत, म्हटलं.

मग सर्वेक्षणवालीची दुसरी फेरी आली. साहेबांनी पेढे आणले नव्हते एवढंच. बाकी नवा सदरा, अत्तर, सगळं होतं. दोन्ही गल्ल्यांतली माणसं खिडकीला लटकली होती. गुप्तहेरानं पैज लावली होती, दहाच्या खाली नाही.

सर्वेक्षणवाली आत आली. मी पाहिलं, स्लॅब असूनही तिची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली.

"आता गं कुठं पडलीस?" आईनं विचारलं.

"आमच्याच गल्लीत, आजी. घरातून निघतानाच. तिथंही असंच आहे. फळी आहे आमच्याकडे." तिनं टॅब पुसला. "सांगा, शून्य ते दहा?"

"तुमच्याकडे नाही का निघालं कुणाचं घर निवडीत?"

"एकच घर असतं ना आजी, विभागात. आणि सर्वेक्षण करणाऱ्यांची घरं तर वगळतातच."

साहेब पुढे सरकले. "आई, आकडा!"

"आकडा!" खिडकीतून लोक म्हणाले.

आईनं आधी साहेबांकडे पाहिलं, मग त्या मुलीच्या चिखलाच्या पायांकडे. "बाळ, फेऱ्या किती उरल्या?"

"एक, आजी."

आई उठली, काठी घेतली, चपला पायात सरकवल्या. "मग लिही. आजी आता तुझ्या गल्लीत गेलीय."

"अहो आई!" साहेबांनी कपाळावर हात मारला. "ती गल्ली माझ्या हद्दीत येत नाही हो!"

"मी कुठं म्हणते येते म्हणून? मी तिथं अडकलेय, एवढंच सांगते," आई म्हणाली आणि मावशीकडे निघून गेली.

सर्वेक्षणवाली टाइप करत होती. हसू आवरत नव्हतं तिला, डोळेही पुसत होती. साहेबांनी खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि घसा खाकरून म्हणाले, "हॅलो, साहेब? तुमच्या हद्दीत आमच्या एक आजी अडकल्यात. नाही, नाही, तब्येत अगदी उत्तम आहे. पण तुमचा स्लॅब झाल्याशिवाय त्या काही घरी यायच्या नाहीत."